जमिनीचा हिशेब मातीपासून मांडा

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. जवळच्या नवरोजी नगर, नेताजी नगर, सरोजिनी नगर येथील जुनी घरे पाडून पुनर्विकास करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ साली घेतला. तेथे वाद पेटला तो झाडांवरून, आणि २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. झाड डोळ्यांना दिसते, म्हणून माणसे उभी राहिली. हे योग्यच झाले. परंतु बंद कारखान्यांच्या मातीत मुरलेले तेल, शिसे, क्रोमियम दिसत नाही. त्यासाठी कोण उभे राहणार?

१९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक उद्योगांना ३० नोव्हेंबरपर्यंत काम बंद करण्याचा आदेश दिला. रिकाम्या जमिनीच्या वाटणीचे कोष्टकही ठरले. दहा हेक्टरांहून मोठ्या जागेचा ६८ टक्के भाग दिल्ली विकास प्राधिकरणाला हिरवळ व लोकोपयोगी कामांसाठी आणि ३२ टक्के मालकाला. मुंबईत गिरण्यांच्या जमिनीसाठी १९९१ साली एक-तृतीयांशाची वाटणी ठरली होती. २००१ साली ती फक्त मोकळ्या जागेपुरती उरली आणि गिरणी कामगारांच्या तोंडाला पाने पुसली गेली. दोन्हीकडे भांडण झाले ते चौरस मीटरचे. जमीन किती, हे सर्वांनी मोजले. जमीन कशी आहे, हा रकाना त्या वाटणीत नव्हता.

आता केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी केले आहेत. त्यानुसार स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित दूषित जागांची यादी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण मंडळाला द्यावयाची आहे. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करावयाची आहे. प्रदूषण करणारा सापडला तर स्वच्छतेचा खर्च त्याने सोसावयाचा. देशात अशी १०३ स्थळे निश्चित झाली असताना नियम आले तेव्हा सफाई सुरू झाली होती फक्त सात ठिकाणी. किरणोत्सारी कचरा व घनकचऱ्याचे डोंगर यांना हे नियम सरसकट लागू नाहीत. २०१० साली मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० ने एका कामगाराचा बळी घेतला, हे येथे विसरून चालणार नाही.

नियमाचे आम्ही स्वागत करतो. पण यादी करणार कोण? नगरपालिकेच्या कारकुनाला जुन्या आवारातले काय ठाऊक असणार? आम्ही रेल्वे कामगार आहोत. इंजिन शेडची जमीन वर्षानुवर्षे तेल पिते. कोणत्या खड्ड्यात काय गेले, हे नकाशात नसते. ते जुन्या फिटरच्या डोक्यात असते. तो निवृत्त होऊन गावी गेला की ती माहितीही गेली.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, नवी दिल्ली नगरपालिका परिषद असो वा महाराष्ट्रातील एखादी नगरपरिषद, यादी करताना तेथे काम केलेल्या कामगारांची जबानी घ्यावी. दोन, ती यादी वॉर्ड कार्यालयात मराठी-हिंदीत लावावी. तीन, जुन्या औद्योगिक जागेवर माती व भूजलाच्या तपासणीखेरीज बांधकाम परवाना देऊ नये. चार, पाडकाम व खोदकाम करणाऱ्या कंत्राटी मजुरांना संरक्षक साधने व वैद्यकीय तपासणी मिळावी, कारण विषारी माती प्रथम त्यांच्याच हाताला लागते.

बिल्डर म्हणेल, उशीर होतो. आमचे म्हणणे असे की, आधी कळस मग पाया हा प्रकार घरे घेणाऱ्या गरिबालाच महाग पडतो. सर्व शाखांनी हा विषय पुढील बैठकीत घ्यावा आणि निवृत्त बांधवांकडून माहिती आजच लिहून घ्यावी.