कणा नसलेल्यांची बाजू

फेब्रुवारी २०१९ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातल्या एका तरुण वाघाला बेशुद्ध करून रेडिओ कॉलर बसवण्यात आली. विदर्भ, मराठवाडा, तेलंगण पालथे घालत, सुमारे तीन हजार किलोमीटर चालून तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. २०५ चौरस किलोमीटरचे जंगल त्याला पुरेल का, त्याच्यासाठी वाघीण आणावी का, यावर शास्त्रज्ञांपासून चहाच्या टपरीपर्यंत खल झाला. कॉलर बसवायलाही वन्यजीव कायद्याची परवानगी लागली. हे सारे रास्तच होते. पण संशोधनाच्या कामी येणाऱ्या प्रत्येक जिवाच्या वाट्याला अशी आस्था येते का?

याच जिल्ह्यातल्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला ऑक्टोपस भेटतो तो फॉर्मालिनच्या बरणीत. पांढुरका पडलेला, बाहू आखडलेले, वर चिकटवलेली नावाची चिठ्ठी. ‘मृदुकाय संघ, शीर्षपाद वर्ग’ एवढे वहीत उतरवले की विषय संपला. जिवंतपणी या प्राण्याला तीन हृदये असतात, रक्त निळसर असते आणि सुमारे पन्नास कोटी चेतापेशी असतात. त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश बाहूंमध्ये असल्याने प्रत्येक बाहू बराचसा आपल्या अकलेने चालतो. नारळाच्या करवंट्या उचलून नेऊन, गरज पडेल तेव्हा त्यांचा आडोसा करणारे ऑक्टोपस इंडोनेशियाच्या समुद्रात आढळल्याचे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसाची चेतापेशी संदेश कसा वाहते, हेही आपल्याला कळले ते ऑक्टोपसच्या भाऊबंदामुळे, म्हणजे माकुलाच्या जाड चेतातंतूमुळे. त्या कामासाठी हॉजकिन आणि हक्सले यांना १९६३ चे नोबेल मिळाले.

बुद्धीपेक्षा मोठा प्रश्न वेदनेचा. अमेरिकेतल्या रॉबिन क्रुक यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ऑक्टोपसच्या बाहूत सौम्य आम्ल टोचले. ज्या कप्प्यात तो त्रास भोगला, तो आधी आवडता असूनही प्राणी नंतर टाळू लागले. टोचलेल्या जागची कातडी ते चोचीने ओरबाडत होते. बधिर करणारे औषध दिल्यावर मात्र, जिथे आराम मिळाला तो कप्पा त्यांनी पसंत केला. चटका बसताच हात मागे घेणे ही निव्वळ प्रतिक्षिप्त क्रिया म्हणता येईल, पण दुखलेली जागा लक्षात ठेवून टाळणे आणि सुटकेची जागा शोधणे तेवढ्यावर भागत नाही.

ब्रिटनने १९९३ मध्येच सामान्य ऑक्टोपसला प्रयोगविषयक कायद्याचे संरक्षण दिले. युरोपीय संघाच्या २०१० च्या निर्देशाने सगळे शीर्षपाद त्या कक्षेत आणले. आपला १९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा तर व्याख्येतच ‘माणूस सोडून कोणताही सजीव’ म्हणतो. प्रयोग काळजीने व माणुसकीने व्हावेत, शस्त्रक्रिया शक्यतो भूल देऊन व्हावी, असेही तो सांगतो. म्हणजे कायदा उदार आहे, पण व्यवहारात त्याची नजर उंदीर, ससे, माकडे यांच्यापलीकडे क्वचितच जाते. प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण करणाऱ्या केंद्रीय समितीने माशांसाठी २०२१ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली. शीर्षपादांसाठीही तशीच नियमावली तिने काढावी.

यावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला, कापसाला भाव नाही आणि तुम्हाला ऑक्टोपसची चिंता! पण प्रयोगशाळेत भूल दिल्याने शेतकऱ्याच्या ताटातले काही कमी होत नाही. दुसरा, ससून डॉकवर माकुलाच्या टोपल्याच्या टोपल्या उतरतात, त्यांचे काय? मासेमारीत होणारा क्लेश हाही प्रश्न आहे आणि त्यावर स्वतंत्रपणे बोलायला हवे. मात्र एका ठिकाणचा क्लेश दाखवून दुसऱ्या ठिकाणचा माफ होत नाही. विज्ञान जनतेच्या पैशावर आणि ज्ञानाच्या नावाने चालते, म्हणून त्याच्याकडून अपेक्षाही जास्त. शिवाय भेदरलेल्या प्राण्यावरचे निष्कर्ष भरवशाचे नसतात, हा संशोधकाच्याच हिताचा मुद्दा आहे.

नियमावलीत काय असावे, हेही अवघड नाही. भूल आणि वेदनाशमन सक्तीचे असावे. एकलकोंड्या ऑक्टोपसला लपायला बीळ आणि प्राणवायूयुक्त स्वच्छ पाणी मिळावे. प्रयोगाआधी संस्थेच्या नैतिक समितीची मान्यता आणि शेवटी यातनारहित मृत्यू बंधनकारक असावा. महाविद्यालयांनीही आपला वाटा उचलावा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये विच्छेदनाला आळा घातला, तेव्हा चित्रफिती आणि प्रतिकृतींवर शिकवणे निभावलेच. आता नव्या बरण्यांसाठी नवे जीव मागवणे थांबवावे आणि अमरावती विद्यापीठाच्या प्राणिशास्त्राच्या तासाला ऑक्टोपसच्या रचनेबरोबर त्याचे वर्तन आणि वेदनाही शिकवावी. दयेचा निकष पाठीचा कणा किंवा प्राण्याचा रुबाब नसून वेदना आहे, हे मान्य केले तर त्यासाठी नवा कायदा लागणार नाही. असलेला कायदा अक्षरशः पाळला तरी पुरे.