जमीन त्यांच्या नावावर, वस्ती आमच्या अंगावर

उद्यमबागेतल्या फौंड्री आणि मशीन शॉपवाल्या पुरुषमंडळींच्या तोंडी हल्ली एक हिशेब सारखा असतो. इथला गुंठा विकला की तिकडं एकर येतो. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकाचे चाळीस झाले! ‘तिकडं’ म्हणजे कुठं, ते बोलणाऱ्यागणिक बदलतं. कुणी तेलंगण म्हणतो, कुणी मध्य प्रदेश, कुणी विदर्भ. जॉबवर्कचे दर परवडत नाहीत, कामगार टिकत नाही, पोरगा लेथवर उभा राहायला तयार नाही. तेव्हा शेड विकू, निपाणीकडचं वडिलोपार्जित रान विकू, तीस-चाळीस एकर एकगठ्ठा घेऊ आणि सगळे तिकडंच जाऊन राहू.

मला त्या ‘सगळे’ या शब्दाबद्दल बोलायचं आहे. त्या सगळ्यांत बायको आहे, आई आहे, शाळेत जाणाऱ्या मुली आहेत. बोलणी मात्र एकराची, पाण्याची आणि दराची होतात. ज्यांना तिथं चोवीस तास राहायचं आहे त्यांना ही बातमी इसार दिल्यावर कळते, तीही ताट वाढताना.

कुणी असं समजू नका की मी शेतीच्या विरोधात आहे. या भागातले आपण जैन मुळात शेतकरीच. भगवान आदिनाथांनी असि, मसि, कृषी अशी जी सहा कर्मं सांगितली त्यांत शेती आहेच. उद्यमबागेत आपल्यातले अनेक आले ते शेतातूनच. कुणाला परत मातीकडं जावंसं वाटलं तर त्याला वेडा ठरवायचं कारण नाही. माझं भांडण एवढंच आहे: घर सगळ्यांचं हलणार, पैसा सगळ्यांचा जाणार, कष्ट सगळ्यांचे होणार आणि जमीन तेवढी एकाच्या नावावर येणार, हे आता चालू द्यायचं नाही.

पैसा कुठून उभा राहतो ते बघा. शेडचे पैसे बँकेचं कर्ज फेडण्यात निम्मे जातात. मग वडिलोपार्जित जमीन विकायची, आणि ती विकायची तर बहिणींची सही लागते. भाऊबीजेच्या साडीबरोबर हक्कसोडपत्र पुढं येतं. तेही पुरत नाही, तेव्हा कपाटातलं सोनं निघतं. पाटल्या, तोडे, माहेरचा हार. ‘दोन हंगामांत परत करतो की,’ असं म्हणत निघतं. स्त्रीधन हे कायद्याने बाईच्या एकटीच्या मालकीचं असतं, पण ते विकून घेतलेल्या रानाच्या खरेदीखतात ना तिचं नाव असतं, ना त्या पैशाचा उल्लेख. म्हणजे चाळीस एकरांतले काही एकर नणंदेच्या हक्कावर उभे, काही एकर बायकोच्या सोन्यावर. उताऱ्यावर मात्र एकटे मालक.

आपण नवऱ्याला मालक म्हणतो. कागदही शेवटी तेच म्हणतो.

बाईचं नाव कागदावर घालायची सवय आपल्यात नाही, असं कुणी सांगितलं तर हसू येतं. कारखान्यासाठी कॅश क्रेडिट काढताना जामीनदार म्हणून बायकोची सही चालते. टॅक्स वाचवायचा असला की ती प्रोप्रायटर होते. सीलिंगचा कायदा आला तेव्हा जुन्या घरांतून आत्या, सुना, विधवा चुलत्या यांची नावं कशी पटापट आठवली, ते थोरल्या माणसांना विचारा. नाव घालता येतं. फक्त ते ओझ्याच्या कागदावर घालतात, मालकीच्या कागदावर विसरतात.

‘सगळं तुझंच तर आहे,’ हे वाक्य आपण प्रत्येकीने ऐकलंय. ते कायद्याशी ताडून बघा. 1956 चा हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. नवऱ्याने स्वकमाईतून स्वतःच्या एकट्याच्या नावावर घेतलेल्या जमिनीत तो जिवंत असेपर्यंत बायकोची मालकी नसते. तो ती विकू शकतो, गहाण टाकू शकतो, मृत्युपत्राने हव्या त्याला देऊ शकतो. मृत्युपत्र न करता तो गेला, तर विधवा, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना सारखे वाटे मिळतात. म्हणजे आयुष्यभर राबून बाईला मालकी मिळायची तर आधी कुंकू जावं लागतं. असला हिशेब कुणाला हवा आहे?

त्यात राज्य बदललं की कायद्याचा पोतही बदलतो, आणि एकराच्या बोलण्यात हे कुणी काढत नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांनी 1994 मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मसिद्ध वाटा दिला, पण तोवर लग्न झालेल्यांना वगळलं. 2005 मध्ये केंद्राने तो वाटा देशभर सगळ्या मुलींना दिला आणि ऑगस्ट 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या उरल्यासुरल्या शंका मिटवल्या. एवढं असूनही उत्तर प्रदेशाने 2006 ची महसूल संहिता केली, तेव्हा शेतजमिनीच्या वारसांत विधवा, मुलगे आणि लग्न न झालेल्या मुली आधी ठेवल्या. लग्न झालेल्या मुलीला मागच्या रांगेत बसवलं. तीच मुलगी, तेच आईबाप, पण जमीन कुठल्या राज्यात आहे त्यावर तिचा हक्क पुढंमागं होतो.

जमीन घेण्याचे नियमही असेच वेगवेगळे आहेत. कर्नाटकाने 2020 मध्ये शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घ्यायची वाट मोकळी केली. महाराष्ट्रात 1948 च्या कूळकायद्याचं 63 वं कलम अजून आडवं येतं. तुम्ही शेतकरी आहात हे आधी दाखवा, नाहीतर कलेक्टरची परवानगी आणा. आता गंमत बघा. दोन पिढ्या कारखान्यात घालवलेल्या माणसाकडं तो पुरावा नसतो. पण आपल्या कितीतरी सुनांची माहेरं शिरोळ, हातकणंगले, कागल या भागातली. तिचं नाव माहेरच्या सातबारावर असेल, तर शेतकरी असल्याचा पुरावा घरात तिच्याचकडं असतो! फक्त तिने तो हक्क हक्कसोडपत्रावर सही करून घालवलेला नसावा.

परराज्यातला कागद कच्चा राहिला तर काय होतं, त्याचं उदाहरण कच्छमध्ये आहे. 1965 च्या युद्धानंतर सरहद्दीवरची पडीक रानं कसायला शीख शेतकऱ्यांना तिथं वसवलं गेलं. त्यांनी ओसाड माळाची बागायत केली, पिढ्या वाढवल्या. आणि 2010 मध्ये त्यांच्यातल्या अनेकांची जमीनखाती प्रशासनाने गोठवली, का तर तुम्ही मूळचे गुजरातचे शेतकरी नाही. 2012 मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, तर सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारने बोलावून नेलेल्यांची ही गत, मग दलालाने बोलावून नेलेल्यांचं काय?

आपल्याला तर हे दुसऱ्याकडून शिकायचीही गरज नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव आणि निपाणीकडच्या बायका आपापल्या चुलीपाशीच होत्या. त्या कुठं गेल्या नाहीत. राज्यच त्यांच्या पायाखालून हललं, मुंबईचं म्हैसूर झालं. रान तेच, विहीर तीच, पण पुढं उतारा कन्नडमध्ये यायला लागला. पुरुष कचेरीत हेलपाटे घालून, मुलांना कन्नड शाळेत घालून वाचायला शिकले. मराठी शाळेत चार बुकं शिकलेल्या कितीतरी आज्यांना स्वतःच्या रानाचा कागद शेवटपर्यंत वाचता आला नाही. आता नातसून मध्य प्रदेशात जाऊन खसरा आणि खतौनी बघणार, नाहीतर तेलंगणात तेलुगूतलं पासबुक. ज्या आदिनाथांनी ब्राह्मीला लिपी शिकवली आणि सुंदरीला अंक, त्यांना मानणाऱ्या समाजात जमिनीचा कागद बाईला दाखवायचाच नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

आता वस्तीवरच्या घराकडं येऊ. चाळीस एकर एकगठ्ठा म्हणजे घर गावापासून लांब, रानात. बेळगावात बस्ती हाकेवर असते. शेजारी काकी असते, दवाखाना रिक्षाच्या अंतरावर असतो. तिकडं गड्यांचा स्वयंपाक, जनावरं, पाणी आणणं-गाळणं, दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं, आणि रात्री लाईट आली की मोटार चालू करायला जाणाऱ्या माणसाची वाट बघणं. ही कामं कुठल्याच हिशेबात धरलेली नसतात. तिथल्या बोलीत दोन शब्द बोलायलाही बाईला वर्षभर थांबावं लागतं. पुरुषाला खत-बियाणाच्या दुकानात, बाजारात चार ओळखी होतात. ती मात्र बांधाच्या आतच.

आणि मुली? 1899 मध्ये आपल्या वडीलधाऱ्यांनी दक्षिण महाराष्ट्र जैन सभा काढली आणि पुढं ठिकठिकाणी बोर्डिंगं उभी केली, कारण रानात राहणाऱ्या पोरांना शाळा नव्हती. त्या पिढीला कळलं होतं की नुसत्या एकरांनी घर पुढं जात नाही. आज आपण उलट दिशेने निघालो तर काय होईल ते दिसतंच आहे. मुलाला बेळगावला किंवा कोल्हापूरला हॉस्टेलवर ठेवतील. मुलीला ‘इथलीच शाळा बरी’ म्हणतील, मग ‘लांब पडते’ म्हणून ती शाळाही सुटेल. इथला मागासवर्गाचा दाखला तिकडं चालत नाही, कॉलेजच्या प्रवेशासाठी रहिवासाची वर्षं नव्याने मोजावी लागतात. दहावीतली मुलगी घरात असताना राज्य बदलणाऱ्या बापाने हा हिशेबही एकराच्या हिशेबाशेजारी मांडावा.

आणखी एक गोष्ट आपल्याला टोचली पाहिजे. तिकडं जमीन स्वस्त आहे म्हणजे कुणीतरी ती स्वस्तात विकतंय. तुंगभद्रेचे कालवे झाले तेव्हा किनारी आंध्रातले शेतकरी सिंधनूर, गंगावती भागात आले. कोरडवाहू शेतकऱ्यांकडून त्यांनी रानं घेतली, भात पिकवला. त्यांच्या वसाहतींना अजून ‘कॅम्प’ म्हणतात. विकणाऱ्यांतले कितीतरी जण पुढं त्याच मुलखात मजुरीला लागले. आपण चाळीस एकर घेऊ तेव्हा तिथल्याही कुणा बाईला न विचारता तिच्या पायाखालचं रान विकलं गेलेलं असेल. परिग्रहाची मर्यादा सांगताना आपल्याकडं सगळ्यात आधी क्षेत्र, म्हणजे शेतजमीन, मोजतात. महाराजांपुढं व्रत घेणाऱ्यांनी ‘एकाचे चाळीस’ म्हणताना एवढं तरी आठवावं.

यावर उत्तर नाही असं नाही. ते आपल्या निपाणीनेच जवळून पाहिलेल्या माणसाने दिलं होतं. 1981 मध्ये तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने निपाणीत रस्ता अडवला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. त्याच शरद जोशींनी 1990 च्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’ची मोहीम काढली: भाव मागणाऱ्या शेतकऱ्याने आधी आपल्या घरातल्या लक्ष्मीच्या नावावर थोडी जमीन करावी. गावोगावच्या हजारो शेतकऱ्यांनी ती केलीही. त्यांची घरं काही फुटली नाहीत. तरी 2015-16 च्या कृषी गणनेत देशात शेती कसणाऱ्या खातेदारांमध्ये बाया सुमारे 14 टक्केच निघाल्या. उरलेल्या बाया रानात नव्हत्या असं कोण म्हणेल?

म्हणून माझं सांगणं सरळ आहे. इसार देण्याआधी बाईने ती जमीन बघावी, एकदा मे महिन्यात आणि एकदा भर पावसात. शाळा, दवाखाना, रस्ता तिने स्वतः बघावा. उताऱ्याची भाषा येणाऱ्या, दलालाच्या ओळखीबाहेरच्या वकिलाकडून तो वाचून घ्यावा. खरेदीखत पहिल्या दिवसापासून दोघांच्या नावाने व्हावं आणि सोनं मोडलं असेल तर ते पैसे कुणाचे, हे खतात लिहिलेलं असावं. नणंदेचा वाटा तिला द्यावा, नाहीतर नव्या जमिनीत धरावा. भावजयीने नणंदेसाठी हे बोललं, तर उद्या तिच्या मुलीसाठीही कुणी बोलेल.

‘नाव काय, मागाहून घालूया की,’ असं कुणी म्हणालं तर सांगायचं की मागाहून वेगळा दस्त लागतो, वेगळी नोंदणी लागते, आणि मुख्य म्हणजे तेव्हा आपल्या होकाराची गरज उरलेली नसते. ‘दोन सह्यांची कटकट होते,’ असं म्हणालं तर सांगायचं की ती कटकटच हवी आहे, कारण त्याशिवाय ते रान एका रात्रीत विकता येणार नाही. ‘माझ्यावर विश्वास नाही का?’ हा प्रश्न येईलच. विश्वास आहे म्हणूनच तर माहेर, शेजार, बस्ती, भाषा सगळं सोडून परमुलखात यायला ती तयार झाली. आता तिच्यावर विश्वास आहे की नाही, ते सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात दाखवायची पाळी त्यांची.

तोवर, बायांनो, कपाटाची किल्ली आपल्याच कमरेला राहू द्या.