पुस्तकांच्या गावाआधीचा बाजार

वेल्स आणि इंग्लंड यांच्या सीमेवर, वाय नदीकाठी वसलेले हे-ऑन-वाय साहित्यप्रेमींना ठाऊक आहे ते ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून. त्याची कथाही ठरावीक पद्धतीने सांगितली जाते : रिचर्ड बूथ नावाच्या एका विक्षिप्त ग्रंथवेड्याने जुन्या पुस्तकांची दुकाने काढली, १ एप्रिल १९७७ रोजी स्वतःला गावाचा राजा घोषित केले आणि दोन हजारांहूनही कमी वस्तीचे गाव जगप्रसिद्ध झाले. कथा खोटी नाही, अपुरी आहे. पुस्तकाचे नाते वेडाशी आणि त्यागाशी जोडायला आपल्याला आवडते. बाजाराशी जोडताना आपण संकोचतो. या गावाचा इतिहास मात्र मुळात बाजाराचा इतिहास आहे.

गाव वाढले ते नॉर्मनांच्या किल्ल्याभोवती. १२१६ मध्ये इंग्लंडच्या जॉन राजाने आणि १२३१ मध्ये वेल्सच्या लिवेलिनने ते जाळले. मध्ययुगात या जहागिरीचे ‘इंग्लिश हे’ आणि ‘वेल्श हे’ असे दोन भाग होते. गावाच्या इंग्रजी नावाच्या मुळाशी कुंपणाचा अर्थ आहे, तर ‘अ गेल्ली’ या वेल्श नावाचा अर्थ वनराई. अशा दुभंगलेल्या मुलखात दोन्हीकडच्या माणसांना एकत्र आणणारी जागा म्हणजे बाजार. लोण्यासाठी १८३३ मध्ये आणि चीजसाठी १८३५ मध्ये येथे बाजाराच्या स्वतंत्र इमारती उभ्या राहिल्या. १८१६ मध्ये कोळशासारख्या मालासाठी घोड्यांनी ओढायच्या गाड्यांचा लोहमार्ग आला, १८६४ मध्ये रेल्वे आली.

१९६२ च्या अखेरीस ती प्रवासी रेल्वे बंद झाली. त्याच सुमारास बूथ यांनी जुन्या अग्निशमन केंद्राच्या इमारतीत पहिले दुकान थाटले. पुढे चित्रपटगृहात पुस्तके आली, शेतीसामानाच्या पेढीतही आली. त्या पेढीच्या दर्शनी भागावरील गुरामेंढरांच्या फरश्या पूर्वीच्या व्यापाराची साक्ष देतात. बूथ अमेरिकेतले संग्रह घाऊक विकत घेत आणि जहाजाने आणत. एकाच मालाची अनेक दुकाने शेजारी असली की गिऱ्हाईक लांबून येते, हे कोणत्याही पेठेतले जुने शहाणपण त्यांनी पुस्तकांना लावले. १९८८ मध्ये सुरू झालेला साहित्य महोत्सव हे या व्यापाराचे फळ आहे, मूळ नव्हे. गुरुवारचा बाजार आजही भरतो.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. ही बाजारपेठ मुख्यतः इंग्रजी पुस्तकांची. तिने गाव तारले. वेल्श भाषेच्या पदरात मात्र फारसे काही टाकले नाही. बाजार मोठ्या भाषेकडे झुकतो हे मान्य करावेच लागेल. म्हणून लहान भाषांना शासनाचा आधार लागतो.

महाराष्ट्र शासनाने ४ मे २०१७ रोजी पाचगणीजवळील भिलार येथे ‘पुस्तकांचे गाव’ सुरू केले, त्यामागे हे-ऑन-वायचीच प्रेरणा होती. घराघरांत मांडलेली मराठी पुस्तके येणाऱ्याने विनामूल्य वाचावीत, ही कल्पना मोलाची आहे. परंतु आपण तिथून नाव आणले, बाजार आणला नाही. भिलारचे पुस्तक वाचले जाते आणि पुन्हा कपाटात जाते. ते विकले जात नाही, हातोहात फिरत नाही.

प्रश्न भिलारबाहेरच्या पुस्तकांचा आहे. एखाद्या अभ्यासकाच्या मृत्यूनंतर त्याने आयुष्यभर जमवलेले नियतकालिकांचे अंक, पहिल्या आवृत्त्या, प्रबंध यांचे काय होते? जागेअभावी ग्रंथालये नाकारतात आणि संग्रह रद्दीत किलोच्या भावाने जातो. पुण्या-मुंबईच्या पदपथांवरील विक्रेते त्यातले काही वाचवतात. पण त्यांच्या जाणकारीला आपण विद्येच्या प्रांतात स्थान देत नाही. ‘बाजारू’ हा शब्द समीक्षेत शिवीसारखा वापरणाऱ्या आम्हा अध्यापकांनी याचा विचार करायला हवा. जुन्या मराठी पुस्तकाला कागदाच्या वजनापलीकडची किंमत देणारे गिऱ्हाईक निर्माण झाले, तरच ते जपून ठेवण्यात कोणाला तरी स्वारस्य राहील. ते गिऱ्हाईक आपल्याच वर्गांतून घडायचे आहे.