कर्ता कोणीच नाही, मग पावती कोणाच्या नावे?

आमच्या परिचयातला एक तरुण आहे. पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला. भाड्याचे घर पाहायला गेला की आडनाव विचारले जाते आणि आडनाव सांगितले की घर 'कालच गेलेले' असते. या मनस्तापातून शांती मिळावी म्हणून तो एका अद्वैत शिबिराला गेला आणि तिथे त्याने हाच प्रश्न उभा राहून विचारला. गुरुजी गोड हसले. म्हणाले, "दुखावला गेला तो कोण?" सभागृहही हसले. पोरगा आम्हाला म्हणाला, "काका, प्रश्न तिथेच संपला. घर मात्र अजून मिळाले नाही."

या शिबिरांची आम्हाला गंमत वाटते. तिथे 'मी' नाही, 'तू' नाही, गुरू-शिष्य हा भेदही नाही. तरी गुरूचे आसन मंचावर आणि शिष्य सतरंजीवर! मुरलेले साधक 'मी चहा पितो' असे म्हणत नाहीत, 'चहा पिणे घडत आहे' असे म्हणतात. कपबश्या विसळणे मात्र त्यांच्या हातून कधी घडत नाही. त्यासाठी कामाला बाई असते आणि तिला कर्ता असल्यावाचून गत्यंतर नसते.

या मंडळींच्या वंशावळीत आपल्या मुंबईचे नाव ठळक आहे. खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराज (मृत्यू १९८१) साध्या मराठीत बोलत आणि परदेशी माणसे त्यांचा जिना चढून ऐकायला येत. विडी विकणाऱ्या माणसाचे तत्त्वज्ञान जगाने ऐकावे, याचे आम्हालाही अप्रूप आहे. त्यांच्या बोलण्याचे इंग्रजी करणाऱ्यांपैकी एक रमेश बाळसेकर. बँक ऑफ इंडियात ते सर्वोच्च पदावर पोचले आणि निवृत्तीनंतर, २००९ साली निधन होईपर्यंत, लोकांना शिकवत राहिले, की घटना घडतात, कर्मे होतात, पण करणारा कोणीच नसतो. बँकेत असताना एखादा कर्जदार 'कर्ज घेतले गेले, घेणारा कोणी नाही' असे म्हणत आला असता, तर साहेबांनी काय केले असते हे आम्हाला जाणून घ्यायला आवडले असते.

इथवर थट्टा. पण हे वचन बाळसेकर बुद्धाच्या नावावर खपवीत, तिथे आम्हाला थांबावे लागते. मारले तरी पाप नाही, दिले तरी पुण्य नाही, हे मत पूरण कस्सपाचे. दीघनिकायातल्या सामञ्ञफल सुत्तात ते त्याच्याच नावाने नोंदलेले आहे. बुद्धाने हा अक्रियावाद नाकारला. चेतना म्हणजेच कर्म, असे तथागतांनी सांगितले. आत्मा नाही म्हणणे वेगळे आणि जबाबदारी नाही म्हणणे वेगळे. २००६ साली खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारले गेले. तिथे काय 'मारणे घडले'? फिर्याद लिहायची तर आरोपीचे नाव लागते.

लखनौच्या पूंजाजींचे अमेरिकन शिष्य अँड्र्यू कोहेन यांची कथाही ऐकण्यासारखी आहे. दोन असे काही नाहीच, असे शिकवणारे हे दोघे पुढे एकमेकांपासून दोन झाले. कोहेनसाहेबांनी शिष्यांचा अहंकार वर्षानुवर्षे झोडपला आणि २०१३ साली आपलाच अहंकार शाबूत असल्याचे कबूल करून गुरुपद सोडले. असो, कबूल तरी केले.

रमण महर्षींचे तसे नव्हते, ते साधे गृहस्थ. पण तिरुवण्णामलैच्या त्यांच्या आश्रमातही ब्राह्मणांची पंगत निराळी बसे. महर्षी दोन्ही बाजूंना दिसतील असे बसत. म्हणजे ब्रह्म दोन्हीकडे सारखे, भात मात्र वेगवेगळा.

बाबासाहेबांनी 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये नेमके हेच विचारले आहे. महाराष्ट्र शासनाने हा ग्रंथ १९८७ साली छापला तेव्हा राम-कृष्णावरून केवढे वादळ उठले! त्या गदारोळात ब्रह्मावरचे प्रकरण फारसे कोणी वाचले नाही. सर्वांत एकच ब्रह्म असेल तर लोकशाहीला याहून पक्का पाया कोणता, असे बाबासाहेब मोकळेपणाने मान्य करतात. आणि मग विचारतात, की त्या पायावर समतेची इमारत का उठली नाही? शंकराचार्यांनी ब्रह्म सांगितले आणि शूद्राला वेदाचा अधिकारही नाकारला. एकाच माणसाने, एकाच भाष्यात. हे प्रकरण त्या पोराला आम्ही वाचायला दिले आहे.

त्याच्याकडून शिबिराची पावतीही आम्ही पाहायला मागून घेतली. 'तू नाहीस' हे शिकवण्याचे शुल्क भरून घेताना नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तीन रकाने होते. पुढच्या शिबिराचे निमंत्रण परवा त्याला आले. त्यात आडनाव अगदी बिनचूक लिहिले आहे.