किल्ली कोणाच्या हाती?

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते ठार झाले. चालक १७ वर्षांचा असल्याचा आरोप होता. त्याला जामीन देताना ३०० शब्दांच्या निबंधाची अट घातली गेली आणि समाज संतापला. तो संताप रास्तच होता. मात्र खेड्यातला शाळकरी मुलगा दोघांना मागे बसवून दुचाकी पिटाळतो, तेव्हा त्याच समाजाला कौतुक वाटते. २०१९ च्या कायदादुरुस्तीने अशा अपराधासाठी पालकास वा वाहनमालकास ३ वर्षांपर्यंत कारावास व २५ हजार रुपये दंड ठरविला आहे. एस. टी. नसेल तर शाळा गाठावी कशी, हा प्रश्न खरा. परंतु त्याचे उत्तर वेळेवर येणारी एस. टी. हे आहे, बापाने दिलेली किल्ली नव्हे.