थेंब, गोल आणि ट्रंकेतला कागद : स्तन-इम्प्लांटच्या आकाराचा इतिहास

१/२१
इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागदाची किंमत कळते, असा आम्हां विद्यार्थ्यांचा गोड समज असतो. मला ती खऱ्या अर्थाने कळली गेल्या दिवाळीनंतर, वैतरणा स्थानकापासून वीस मिनिटांच्या पायवाटेवर असलेल्या आत्याच्या घरी, पत्र्याच्या ट्रंकेपुढे बसले असताना. आजचा धागा स्तनात बसवल्या जाणाऱ्या सिलिकॉन इम्प्लांटच्या आकाराचा आहे. विषय वाचून कोणाला हसू आले असेल, तर त्यांनी निदान चौथ्या भागापर्यंत थांबावे.

२/२१
आत्याला २०११ मध्ये स्तनाचा कर्करोग झाला. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल सुरू झाली ती २०१३ मध्ये. तेव्हा शटलने विरार आणि तिथून दादर, असा प्रवास करीत मुंबईच्या एका रुग्णालयात तिचे उपचार झाले. एक स्तन काढावा लागला आणि त्या जागी इम्प्लांट बसवले गेले. घरात या गोष्टीला नाव नव्हते. ‘आत्याचे ऑपरेशन’ एवढाच उल्लेख होई. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

३/२१
गेल्या वर्षी त्या बाजूचा आकार पालटला : वरचा भाग फुगीर, खालचा सपाट. डॉक्टर म्हणाले, “इम्प्लांट थेंबाच्या आकाराचे असावे आणि आतल्या आत फिरले असावे. ते काढून गोल, गुळगुळीत बसवता येईल. पण आधीचे कोणत्या कंपनीचे होते? पृष्ठभाग खरखरीत की गुळगुळीत? कार्ड आहे का?” कार्ड नव्हते. जुन्या रुग्णालयाने कळवले की एवढी जुनी फाइल आता मिळणार नाही.

४/२१
हा प्रश्न केवळ अर्ज भरण्यापुरता नव्हता. खरखरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांटे २०१९ मध्ये जगभरच्या बाजारातून परत मागवली गेली, कारण त्यांचा संबंध एका दुर्मीळ कर्करोगाशी जोडला गेला होता. कर्करोगातून उठलेल्या स्त्रीच्या शरीरात त्यांपैकी एक आहे की नाही, हे सांगणारा कागदच उपलब्ध नव्हता. हा पेच कसा निर्माण झाला ते कळण्यासाठी थोडे मागे जाऊ. सुरुवात पुण्यापासून.

५/२१
१७९४ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये एक पत्र छापून आले. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कोवासजी नावाचा एक मराठा १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. मग पुण्याजवळच्या एका कारागिराने, विटा करणाऱ्या जातीच्या माणसाने, कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक दिले.

६/२१
त्या वर्णनातील एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. कारागिराने आधी मेणाची पातळ चकती नाकाच्या जागी बसवून आकार घेतला, मग ती सपाट करून कपाळावर ठेवली आणि तिच्या कडेने रेघ आखली. चाकू चालला तो त्यानंतर. शरीराचा हरवलेला भाग परत द्यायचा तर पहिला प्रश्न आकाराचा असतो, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते. हेच वर्णन वाचून जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली.

७/२१
या नोंदीत एक उणीव आहे. रुग्णाचे नाव आले, त्याचे चित्रही छापले गेले. ज्याने नाक घडवले त्याचे नाव मात्र कोणी टिपून ठेवले नाही. ही गोष्ट लक्षात असू द्यावी. विसाव्या शतकात हे पारडे नेमके उलटे झुकलेले दिसेल.

८/२१
स्तनाच्या पुनर्रचनेचा आधुनिक इतिहास १८९५ मध्ये सुरू होतो, असे साधारणपणे मानतात. हायडेलबर्गचे व्हिन्सेंझ चेर्नी यांनी गाठ काढलेल्या स्तनाची पोकळी त्याच स्त्रीच्या पाठीकडील चरबीच्या गाठीने भरली. पुढे पॅराफिन टोचण्याची टूम निघाली. त्याने शरीरात कठीण गाठी धरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर द्रवरूप सिलिकॉनही थेट टोचले गेले. प्रत्येक वेळी क्रम तोच : आधी उत्साह, मग तक्रारी, आणि नोंद सर्वांत शेवटी.

९/२१
१९६२, ह्यूस्टन. थॉमस क्रोनिन आणि फ्रँक गेरो या दोन शल्यविशारदांनी सिलिकॉनच्या पिशवीत सिलिकॉनचीच जेली भरून पहिले इम्प्लांट बसवले. ते घेणारी स्त्री सहा मुलांची आई होती आणि रुग्णालयात गेली होती अंगावरचे गोंदण काढून घ्यायला. डॉक्टरांनी इम्प्लांटचे सुचवले तेव्हा, कान नीट करून देणार असाल तर ठीक, अशा अटीवर तिने होकार दिला. एका नव्या युगाचा प्रारंभ इतका घरगुती होता.

१०/२१
ते पहिले इम्प्लांट थेंबाच्या आकाराचे होते : वर निमुळते, खाली भरीव. कारण उघड आहे. उभ्या स्त्रीचा स्तन तसाच दिसतो. पण थेंबाला वर-खाली असते. तो आत फिरला, तर आकार बिघडतो. म्हणून मागच्या बाजूला डेक्रॉन कापडाचे तुकडे लावले होते, ज्यांत शरीराच्या पेशी शिरून त्याला जागच्या जागी धरून ठेवतील. आत्याच्या तक्रारीचे मूळ असे १९६२ च्या आराखड्यातच सापडते.

११/२१
१९७० च्या दशकात कवच पातळ झाले, जेली मऊ झाली, आकार गोल झाला. गोल वस्तू फिरली तरी काय बिघडते? पण पातळ कवचे फाटू लागली. १९९२ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकॉन जेलीच्या इम्प्लांटवर निर्बंध आणले. दाव्यांच्या ओझ्याखाली डाऊ कॉर्निंग कंपनीने १९९५ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. १९९९ च्या मोठ्या आढाव्यात सर्वांगीण व्याधींशी संबंध सिद्ध झाला नाही, आणि २००६ मध्ये तिथे परवानगी परत मिळाली.

१२/२१
दरम्यान १९९० च्या दशकात घट्ट, आकार धरून ठेवणारी जेली आली आणि तिच्याबरोबर थेंब परतला. तो फिरू नये म्हणून आता कापडाऐवजी कवचच खरखरीत करण्यात आले. एक स्तन काढलेल्या स्त्रीला दुसऱ्या बाजूशी मेळ साधणारा आकार हवा असतो. म्हणून पुनर्रचनेत थेंब लोकप्रिय झाला. थोडक्यात, थेंब हवा तर खरखरीतपणा हवा, असे समीकरण बसले.

१३/२१
त्याच खरखरीतपणाने घात केला. इम्प्लांटभोवतीच्या आवरणात होणाऱ्या लिम्फोमाचा पहिला वृत्तान्त १९९७ चा. २४ जुलै २०१९ रोजी अमेरिकी प्रशासनाच्या सांगण्यावरून अॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल पृष्ठभागाची इम्प्लांटे जगभरातून परत मागवली. तोवर नोंदल्या गेलेल्या ५७३ रुग्णांपैकी ४८१ जणींची इम्प्लांटे याच कंपनीची होती, आणि ३३ मृत्यू झाले होते.

१४/२१
घबराट नको. हा आजार दुर्मीळ आहे, आणि लक्षण नसेल तर इम्प्लांट काढूनच टाका, असा सल्ला त्या प्रशासनानेही दिला नाही. मात्र शस्त्रक्रियेला वर्षे लोटल्यावर एखाद्या बाजूला सूज किंवा गाठ आली, तर तपासणी टाळू नये. आज अनेक शल्यविशारद थेंब काढून गुळगुळीत गोल बसवतात, ते या पार्श्वभूमीवर. ‘आकार बदलणे’ या दोन शब्दांमागे साठ वर्षांचा अनुभव उभा आहे.

१५/२१
आता पारड्याकडे वळू. आपल्याला शल्यविशारदांची नावे ठाऊक आहेत, कंपन्यांची नावे ठाऊक आहेत. हरवली आहे ती रुग्ण. आपल्याकडचे जवळचे उदाहरण खुब्याच्या सांध्याचे. एका बहुराष्ट्रीय कंपनीचा ‘एएसआर’ सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतात अशा सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. पुढे केंद्र सरकारच्या समितीने शोध घेतला, तेव्हा बहुतांश रुग्णांचा पत्ताच लागला नाही. वस्तू परत मागवता येते. माणूस सापडला तर.

१६/२१
तर ती ट्रंक. तिसऱ्या दिवशी मला काकांची जुनी फाइल मिळाली. काका बोईसरच्या कारखान्यात होते. उपचारांचा खर्च परत मिळवण्यासाठी त्यांनी प्रत्येक बिलाची झेरॉक्स काढून ठेवली होती. एका बिलाच्या कोपऱ्यात इम्प्लांटच्या खोक्यावरचे स्टिकर डकवलेले होते. झेरॉक्स पुसट, दोन आकडे वाचता येईनात. पण कंपनी, आकार, पृष्ठभाग आणि अनुक्रमांकाचा बराचसा भाग तिथे होता. परत मागवलेल्यांपैकी ते नव्हते.

१७/२१
पुण्याच्या पेशवे दफ्तरात ज्यांनी एक दिवस घालवला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथले रुमाल सोडले, तर वसुली, जमाखर्च आणि येणी-देणी यांचेच कागद मोठ्या संख्येने निघतात. पैसा जिथे अडकलेला असतो, तिथला कागद टिकतो. आत्याच्या शरीराची नोंद आत्यासाठी ठेवलेली नव्हती. कारखान्याच्या हिशेबासाठी ठेवलेली होती, म्हणून वाचली. ज्यांचे काका बिले जपत नाहीत, त्यांनी काय करावे?

१८/२१
पहिला आक्षेप मला ठाऊक आहे : “हे सगळे सौंदर्याचे चोचले.” २०१८ मध्ये तमिळनाडू सरकारने चेन्नईच्या स्टॅनले रुग्णालयात स्तनाच्या शस्त्रक्रिया मोफत देऊ केल्या, तेव्हाही हाच सूर उमटला होता. मी आत्याला विचारले. ती म्हणाली, “अगं, थेंब काय नि गोल काय, मला ठाऊक नाही. गाडीत बसल्यावर पदर सारखा सावरावा लागू नये, एवढंच मला हवंय.” कोवासजीच्या नाकाला कोणी चोचला म्हटले नाही.

१९/२१
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आत्याचाच आहे. “माझं नाव कुठल्या सरकारी यादीत नको. शेजारणीला सांगितलं नाही, ते संगणकाला सांगू?” तिचे बरोबर आहे. सरकारी दफ्तरांनी स्त्रियांच्या शरीराची नोंद नेहमी त्यांच्या भल्यासाठीच ठेवली, असे इतिहास सांगत नाही. म्हणून मी मागते ती नोंद इम्प्लांटच्या क्रमांकाची. नावाशी जुळणारी किल्ली रुग्णाच्या संमतीनेच ठेवावी, आणि ती केवळ धोक्याची सूचना पोचवण्यासाठी वापरावी.

२०/२१
हे अशक्य नाही. नेदरलँड्समध्ये स्तन-इम्प्लांटची राष्ट्रीय नोंदवही २०१५ पासून चालते. आपले वैद्यकीय उपकरण नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्या चौकटीत प्रत्येक इम्प्लांटची नोंद आणि प्रत्येक रुग्णाच्या हाती कार्ड, एवढे सक्तीचे करणे ही माझी मागणी आहे. तोवर आपण करण्यासारखे एक काम : घरात कोणाच्या शरीरात इम्प्लांट असेल, मग ते गुडघ्याचे असो, हृदयाचे वा स्तनाचे, तर त्या स्टिकरचा फोटो आजच काढून दोन ठिकाणी जपून ठेवा.

२१/२१
आत्याचे ऑपरेशन फेब्रुवारीत झाले. गोल, गुळगुळीत. घरी येताना गाडी खडखडू लागली, तेव्हा तिने पर्समधून नवे कार्ड काढून माझ्या हाती दिले. “तू इतिहासवाली ना? मग हे तुझ्याकडे ठेव.” मी फोटो काढला आणि कार्ड तिला परत केले. ते तिचे आहे, तिच्याकडेच राहायला हवे. हा धागा तिच्या परवानगीने लिहिला आहे. नाव न घालण्याची अट मी पाळली आहे.