विश्लेषण : पूर्णेला रोजचा, सर्वांसाठी खुला योगवर्ग का हवा?

दरवर्षी २१ जूनला शाळांची मैदाने, सरकारी कार्यालये आणि रेल्वेची आवारे योगासनांनी गजबजतात. २२ जूनला सतरंज्या पुन्हा कपाटात जातात. आदल्या दिवशी पहिल्यांदा हातपाय हलवलेल्या, 'बरे वाटले' म्हणणाऱ्या माणसाने पुढे जायचे कुठे? मोठ्या शहरात त्याला चार पर्याय सापडतात. परभणी जिल्ह्यातील पूर्णेसारख्या तालुक्याच्या गावात मात्र चालत जाता येईल, परवडेल आणि कुणी हसणार नाही अशी जागा ठरवून उभी करावी लागते.

योग दिन पुरेसा का नाही?

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन म्हणून जाहीर केला. २०१५ पासून तो साजरा होतो. त्यामुळे योगाचे नाव घरोघरी पोहोचले, पण शरीराला फायदा होतो तो सवयीने. प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची शारीरिक हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातील जवळपास निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अभ्यासात दिसले.

पूर्णेची गरज वेगळी कशी?

पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन आहे. परभणी, नांदेड आणि अकोल्याकडचे मार्ग इथे मिळतात. गाडीवर किंवा स्थानकात पाळीने काम करणाऱ्याची झोप घड्याळाप्रमाणे चालत नाही. पहाटे साडेपाचचा एकच वर्ग ठेवला, तर रात्रपाळी करून आलेला कर्मचारी आपोआप बाद होतो. बाजारपेठेतला दुकानदार दिवसभर गल्ल्यावर बसतो, त्याला वेळ मिळते ती सकाळी दुकान उघडण्याआधी. घरातल्या बाईची सकाळ पाणी भरण्यात आणि डब्यांत जाते. तिला दुपारी चारची वेळ सोयीची.

'शेतात राबणाऱ्याला योग कशाला?' असेही विचारले जाते. पण निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी ही कामे तासन् तास वाकून करायची असतात. त्यात अंग थकते, पण पाठ सरळ होत नाही आणि आखडलेले खांदे मोकळे होत नाहीत. कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे, तो इथे.

नवखा माणूस टिकत का नाही?

पहिल्या दिवशी त्याला लाज वाटते. पोट सुटलेले, गुडघे दुखणारे, मांडी घालून बसता न येणारे. शेजारचा तरुण सहज पायाचे अंगठे पकडतो आणि याचे हात गुडघ्यापाशीच थांबतात. त्यात कुणी मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला की दुसऱ्या दिवशी तो येत नाही. बायकांच्या बाबतीत कपडे, परतताना होणारा अंधार आणि 'लोक काय म्हणतील' याची भर पडते. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून घरी करावे, तर चुकलेली मान किंवा वाकलेला गुडघा सांगणारे कुणी नसते.

महाराष्ट्राला हे नवे आहे का?

मुळीच नाही. साधूंचा मानला गेलेला योग संसारी माणसांपर्यंत आणण्याचे मोठे काम याच राज्यात झाले. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये मुंबईत वर्सोव्याला 'द योग इन्स्टिट्यूट' सुरू केली, ती गृहस्थांसाठी. त्यांच्या पत्नी सीतादेवींनी १९३० च्या दशकात स्त्रियांसाठी योगावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामाचे परिणाम प्रयोगशाळेत तपासायला सुरुवात केली.

१९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आलेले बी. के. एस. अय्यंगार स्वतः लहानपणी आजारी होते. पट्टा, लाकडी ठोकळा, खुर्ची, घडी घातलेली घोंगडी, भिंतीला बांधलेला दोर यांच्या आधाराने ताठर आणि आजारी शरीरालाही आसन जमते, हे त्यांनी दाखवले. नागपूरच्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाने वस्त्यावस्त्यांत विनामूल्य वर्ग चालवले. म्हणजे नमुना आपल्याकडे आहे. तो मोठ्या शहरांपुरता राहू नये, एवढाच प्रश्न आहे.

'सर्वांसाठी खुला' म्हणजे नेमके काय?

एकच आसन तीन पायऱ्यांत शिकवता आले पाहिजे. ज्याला जमिनीवर बसून पुढे वाकता येते त्याने तसे करावे, ज्याला येत नाही त्याने गुडघे थोडे दुमडावेत आणि ज्याला जमिनीवर बसताच येत नाही त्याने खुर्चीवर बसून करावे. त्यासाठी महागडी मॅट लागत नाही. सतरंजी, चादर आणि प्लास्टिकची खुर्ची पुरते.

पहिल्याच दिवशी शिक्षकाने आजार विचारले पाहिजेत. रक्तदाब न आटोक्यात असलेल्याने किंवा काचबिंदू असलेल्याने शीर्षासनासारखी उलटी आसने टाळावीत. रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णाने, तसेच गर्भवतीने कपालभाती करू नये. इन्सुलिन घेणाऱ्याने उपाशीपोटी येण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. 'योग करा, गोळ्या सोडा' असे सांगणाऱ्या शिक्षकापासून दूर राहावे.

दार सर्व धर्मांच्या लोकांना उघडे हवे. पहिल्या योग दिनाच्या सामाईक कार्यक्रमात सूर्यनमस्कार ठेवले नव्हते, तर पुढच्या वर्षी ओंकार सक्तीचा नसल्याचे आयुष मंत्रालयाने स्पष्ट केले होते. गावातल्या वर्गानेही तेवढे भान ठेवावे. ज्याला म्हणायचे त्याने म्हणावे, ज्याला नाही त्याने शांत बसावे.

जागा आणि पैसा कुठून?

हिशेब अवघड नाही. २५ जणांनी महिन्याला २०० रुपये दिले, तर ५,००० रुपये होतात. शिक्षकाच्या मानधनाची ती सुरुवात होऊ शकते. ज्यांना तेवढेही जमत नाही त्यांची वर्गणी माफ करायची, तर उरलेला भार नगरपरिषदेने उचलावा. दिल्ली सरकारने २०२१ च्या अखेरीस २५ जणांचा गट जमला की मोफत शिक्षक देण्याची योजना सुरू केली. वर्षभरातच ती प्रशासकीय वादात अडकली. पंजाबने २०२३ मध्ये त्याच धर्तीवर योगशाळा सुरू केल्या. दिल्लीचा धडा असा, की एखाद्या आदेशाने सुरू झालेला वर्ग दुसऱ्या आदेशाने बंद पडतो. त्यामुळे लोकांची थोडी वर्गणी आणि सरकारची जागा, हा मेळ अधिक टिकाऊ.

जागा तर पडूनच असते. शाळांचे वर्ग भल्या सकाळी आणि संध्याकाळी रिकामे असतात, समाजमंदिरे कार्यक्रमापुरती उघडतात. आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या कामात योगाचा समावेश आधीच आहे. किल्ली कुणाकडे राहील, दिवे-पंख्याचे बिल कोण भरेल आणि झाडलोट कोण करेल, या तीन गोष्टी लेखी ठरल्या की बहुतेक अडचणी मिटतात.

वाचकांनी काय पाहावे?

आपल्या गावात वर्ग सुरू होत असेल तर चार प्रश्न विचारा. शिक्षकाने रीतसर प्रशिक्षण घेतले आहे का? नवख्यांसाठी वेगळी वेळ किंवा वेगळी रांग आहे का? स्त्रियांच्या सोयीची वेळ आहे का? परवानगीशिवाय फोटो काढायचे नाहीत, असा नियम आहे का? आणि नगरपरिषदेने, लोकप्रतिनिधींनी योग दिनाचा अहवाल देताना २१ जूनला किती लोक जमले एवढेच सांगू नये. त्यातले किती जण दिवाळीनंतरही येत होते, हा आकडा द्यावा. गावाच्या आरोग्यासाठी तोच महत्त्वाचा आहे.